तारीख म्हणजे दिलेला शब्द

अंधेरी असो, घाटकोपर असो की मुलुंड, मासळीबाजारातलं मुरलेलं गिऱ्हाईक कोळणीच्या नुसत्या बोलण्यावर भुलत नाही. कल्ले उघडून लाली बघतं, बोटानं मांस दाबतं, वास घेतं आणि मगच घासाघीस करतं. पत्र्याच्या डब्यातल्या मासळीपुढे मात्र डोळे, नाक आणि बोट यांचं काही चालत नाही. डब्यावरची तारीख तेवढी हाती उरते. मी शब्दांचा माणूस. मला ती तारीख म्हणजे कारखानदारानं दिलेला शब्द वाटतो.

तो पाळला जातो की नाही, हे बघायला २००६ चा अन्नसुरक्षा व मानके कायदा आहे. ५ ऑगस्ट २०११ पासून तो अमलात आला. अन्नसुरक्षा अधिकारी संशयित माल जप्त करू शकतो. नमुन्याचे चार भाग करून त्यातला एक विश्लेषकाकडे जातो. त्यानं १४ दिवसांत अहवाल द्यायचा. अहवाल पटला नाही तर व्यापाऱ्यालाही अपील करता येतं. असुरक्षित अन्नानं माणूस दगावला, तर किमान ७ वर्षं ते जन्मठेप आणि १० लाखांहून कमी नाही इतका दंड.

कायदा कडक आहे, पण लोकांचा विश्वास बसतो तो उघड बोलण्यावर. शेजारच्या गोव्याचं उदाहरण घ्या. १२ जुलै २०१८ रोजी मडगावच्या घाऊक बाजारात परराज्यातून आलेल्या मासळीत फॉर्मेलिन सापडल्याचं सांगितलं गेलं. लगोलग, ‘प्रमाण मर्यादेत आहे’ असा खुलासा आला. दोन निकाल ऐकून लोक बिथरले, आणि सरकारला परराज्यातल्या मासळीवर काही दिवस बंदी घालावी लागली. मासे होते तेच. बदलला तो शब्द.

डबाबंद मासळीत धोका आणखी लपलेला असतो. हवा नसलेल्या जागी वाढणारे बोटुलिनम जंतू असं विष करतात की वास किंवा चव बिघडलीच पाहिजे असं नाही. अंगाला मात्र लकवा येऊ शकतो. म्हणून फुगलेला, गळका, शिवणीवर चेपलेला डबा ‘जरा चाखून बघू’ म्हणून उघडू नका. पावती जपा, डब्याचा फोटो काढा, अन्न व औषध प्रशासनाला कळवा. आणि तेवढ्यावर थांबू नका. अहवाल काय आला, जप्त मालाचं पुढे काय झालं, हेही विचारा. विचारणारं गिऱ्हाईक असलं की शब्द देणारा जपून देतो.