काजूची बी आणि कागद
(वर्धापनदिनी सभासद-भगिनींपुढे केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. कायद्याच्या गोष्टी मी काय सांगणार? पण बी वेचायला कंबर माझीच वाकते, म्हणून चार शब्द बोलते.

फाल्गुन-चैत्रात आपल्या खळ्यात बी वाळत पडते, आणि व्यापारी म्हणतो, "वहिनी, बाहेरची बी आली, दर उतरला." ही बाहेरची बी आफ्रिकेतली, आयव्हरी कोस्ट, बेनिन अशा देशांतली. आपली बी कारखान्यांना वर्षभर पुरत नाही, हे खरे. तिथे बी फोडायला आपल्याच बायका जातात. तेव्हा ती बंदच करा, असे मी म्हणणार नाही. पण 2018 साली त्या बीवरची जकात 5 टक्क्यांवरून अडीच टक्के झाली. पुढल्याच वर्षी परदेशी तयार गराला किमान किंमत बांधली, अख्ख्या गराला किलोमागे 720 रुपये. म्हणजे कारखान्याच्या गराला कुंपण, आमच्या बीला गडगासुद्धा नाही! खोबऱ्याला केंद्राचा हमीभाव आहे, काजूच्या बीला नाही.

2024 साली राज्य सरकारने किलोमागे 10 रुपये अनुदान जाहीर केले. आम्ही आनंदलो. आमची वेंगुर्ला-4 ची कलमे मामंजींनी रोजगार हमीच्या फळबाग योजनेत लावलेली. अर्जाला सात-बाऱ्यावर काजूची नोंद हवी, विक्रीची पावती हवी. उतारा काढून पाहते तो काय, पिकाच्या रकान्यात गवत! मामंजी जाऊन सहा वर्षे झाली तरी नाव त्यांचेच. पावती तर आम्ही जन्मात मागितली नव्हती. दोष दुसऱ्या कोणाचा नाही, आमचाच. अनुदान गेले ते गेलेच.

गेल्या वर्षी वारस नोंद केली. मुलाने बागेत उभे राहून मोबाईलवर ई-पीक पाहणीत काजू लावला. आता पावतीवाचून मी पोते उचलू देत नाही. व्यापारी रागावला, पण देतो.

राहिले माझे नाव. लक्ष्मीमुक्ती योजनेत नवऱ्याने अर्ज केला, तर बायकोचे नाव त्याच्या हिश्श्याला सहधारक म्हणून लागते. अर्ज मी माझ्या अक्षरांत लिहून ठेवला आहे. हे म्हणाले, "मंडळाचा कार्यक्रम होऊ दे, मग सही करतो."

हे मागच्या रांगेत बसले आहेत. कार्यक्रम आज होतो आहे, आणि अर्ज मी पिशवीत घालून आणला आहे.