डोंगर एक, दप्तरे सहा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेले भाषण, किंचित संक्षेपाने)



३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले. दीडशे माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत बहुसंख्य आदिवासी होते. त्यानंतर बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ च्या पहाटे, केरळातील वायनाडमध्ये मुंडक्कई आणि चूरलमला या वस्त्या वाहून गेल्या. तेथे अडीचशेहून अधिक बळी गेले आणि त्यांत मळ्यांवर राबणारी कुटुंबे मोठ्या संख्येने होती. या दोन गावांमध्ये शेकडो मैलांचे अंतर आहे, भाषा निराळ्या आहेत, सरकारे निराळी आहेत. परंतु डोंगर एकच आहे. आणि मरणारा माणूसही एकाच वर्गातला आहे. आजच्या विषयाकडे मी या वाटेने येऊ इच्छितो.

शास्त्रज्ञ ज्याला भूदृश्य-परिसरविज्ञान म्हणतात, त्याचा गाभा कोणत्याही शेतकऱ्याला समजण्यासारखा आहे. एखादे झाड किंवा एखादा प्राणी सुटा न पाहता रान, शेत, ओढा, वस्ती, रस्ता आणि खाण यांची मांडणी एकत्र पाहायची, आणि त्या मांडणीत बदल झाला की पाणी, माती, जनावरे आणि माणसे यांचे काय होते हे तपासायचे. १९३९ मध्ये कार्ल ट्रोल या जर्मन भूगोलतज्ज्ञाने विमानातून घेतलेल्या छायाचित्रांच्या आधारे या अभ्यासाला नाव दिले. पुढे १९८२ मध्ये या शास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, ती तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातील पिएश्त्यानी या गावी. युरोप दोन लष्करी गटांत विभागलेला असताना दोन्हीकडचे अभ्यासक एका टेबलाशी बसले. आपल्या सहा राज्यांत तर काटेरी तारही नाही!

पश्चिम घाट तापीच्या खोऱ्यापासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे १६०० किलोमीटर पसरला आहे. गुजरात, महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ आणि तामिळनाडू ही सहा राज्ये त्याचे वाटेकरी. प्रत्येकाचे वनखाते वेगळे, पाटबंधारे खाते वेगळे, नकाशे वेगळे. २००२ मध्ये कर्नाटकातून हत्ती दोडामार्गात उतरले. तेव्हापासून माडबागायतदार आणि केळीचा शेतकरी नुकसानभरपाईसाठी खेटे घालतो आहे. हत्ती आपल्या प्रदेशातून का निघाले, वाटेत कोणते रान तुटले, कोठे रबराची लागवड झाली, याचे उत्तर एका राज्याच्या दप्तरात सापडणारच नाही. गंमत अशी की, त्याच तालुक्यात तिळारीचे धरण बांधण्यासाठी महाराष्ट्र आणि गोवा ही सरकारे एकत्र येऊ शकली. सिमेंटसाठी सहकार्य जमते, मग ज्ञानासाठी का जमू नये?

जमते, याचे दाखले आहेत. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने १९८० च्या दशकात घाटातील वनांचे नकाशे तयार केले. त्यांतील एका पानाचे नावच बेळगाव–धारवाड–पणजी असे आहे. राज्याच्या हद्दीपाशी रान संपते असे त्या अभ्यासकांनी मानले नाही. नोव्हेंबर १९८७ मध्ये पश्चिम घाट बचाव पदयात्रेची एक तुकडी नवापुराहून आणि दुसरी कन्याकुमारीहून निघाली, आणि फेब्रुवारी १९८८ मध्ये दोन्ही गोव्यात भेटल्या. केरळात शास्त्र साहित्य परिषदेच्या शिक्षक-शास्त्रज्ञांनी सायलेंट व्हॅलीच्या धरणाचा अभ्यास करून तो लोकांपुढे ठेवला. १९८४ मध्ये ते खोरे राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले.

याउलट, माधव गाडगीळ समितीच्या अहवालाचे काय झाले? ऑगस्ट २०११ मध्ये तो सरकारला सादर झाला. लोकांना तो मे २०१२ मध्ये पाहावयास मिळाला, तोही माहिती आयोगाच्या आदेशानंतर आणि दिल्ली उच्च न्यायालयाने सरकारची हरकत फेटाळल्यावर. समितीने ग्रामसभांशी चर्चा करावी असे सुचविले होते. प्रत्यक्षात ग्रामसभांपर्यंत पोहोचल्या त्या अफवा. खाणमालकांनी शेतकऱ्याला पुढे केले आणि आपल्यातील अनेकजण त्या कोलाहलात गप्प राहिले, हे मान्य केले पाहिजे. नंतर कस्तुरीरंगन समिती आली, अधिसूचनांचे मसुदे निघत राहिले. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा, म्हणजे वायनाडच्या दुसऱ्या दिवसाचा आहे.

काही साथी विचारतील, हे विद्वानांचे काम, आपले काम जमीन आणि मजुरी. आपण यात कशाला पडायचे? मी म्हणतो, उतारावरची जमीनच जर खचली, तर कुळकायद्याने मिळालेला सातबारा घेऊन कोठे जायचे? दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शास्त्रज्ञांनी रेघ ओढायची आणि वनखात्याने त्या रेघेच्या आतल्या आदिवासीला हुसकायचे, हा अनुभव खोटा नाही. म्हणूनच माहिती कोणाच्या मालकीची, हा प्रश्न आपण आरंभीच विचारला पाहिजे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावाला स्वतःची नोंदवही ठेवण्याचा अधिकार दिला. अनेक ठिकाणी ती कागदोपत्री उरकण्यात आली. ती खरी करणे आपल्या हातात आहे.

माझी सूचना लहान आहे. दोडामार्ग, चंदगड, खानापूर आणि सत्तरी हे तालुके एकमेकांना लागून, पण तीन राज्यांत आहेत. तेथील शाळा-महाविद्यालयांनी पावसाची, झऱ्यांची, दरडींची आणि जनावरांच्या वाटांची नोंद एकाच तक्त्यावर, एकाच पद्धतीने ठेवावी. कोल्हापूर, धारवाड आणि गोव्याची विद्यापीठे व दापोलीचे कृषी विद्यापीठ यांनी ती तपासावी, आणि निष्कर्ष मराठी, कोकणी व कन्नडमध्ये प्रथम ग्रामसभेत वाचले जावेत, मगच ते मंत्रालयात जावेत. सीमाप्रश्नावरील आपली भूमिका सोडा, असे मी म्हणत नाही. परंतु खानापूरच्या ओढ्याचे मोजमाप करताना कन्नड शिक्षकाच्या शेजारी उभे राहण्यास ती भूमिका आड येत नाही.

हे काम घोषणांचे नाही. दर पावसाळ्यात, वर्षानुवर्षे, न कंटाळता करावयाचे आहे. विद्यापीठे आपणहून गावात येणार नाहीत आणि सरकारे आपणहून दप्तरे उघडणार नाहीत; दोघांनाही तेथवर आणणारी संघटना लागते. पुढील पावसाळ्यापूर्वी या चार तालुक्यांतून प्रत्येकी एक शाळा जरी आपण उभी करू शकलो, तरी हे शिबिर सार्थकी लागले असे मी समजेन.