उखळ, घाणी आणि सिमेंटची गोणी

‘मॉर्टर’ या इंग्रजी शब्दाबद्दल बोला, असा निरोप आला. बोलतो. मूळ लॅटिन ‘मोर्टारियुम’, म्हणजे खल, उखळ. त्यात कुटून कालवलेल्या चुन्यालाही तेच नाव पडलं आणि पुढे आखूड, रुंद तोंडाच्या तोफेलाही. आपण तरी वेगळं काय केलं? तिला उखळी तोफच म्हणालो. झालं शब्दाचं.

आता चुन्याकडे येतो, कारण माझं दुखणं तिथं आहे. जुन्या दगडी भिंतींच्या दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, सिमेंटने भरू नका हो! गडावरची चुन्याची घाणी तुम्ही पाहिलीच असेल. तो गोल चर, ते दगडी चाक. बैल जुंपून त्यात चुना आणि वाळू दळत. त्या घाणीशेजारी उभं राहून फोटो काढायचा आणि पलीकडच्या बुरुजावर सिमेंट थापायचं, हे कसलं गडप्रेम?

चुन्याची दर्ज म्हणजे धनगराची घोंगडी. पावसात भिजते, उन्हात वाळते. विरली तर तेवढंच ठिगळ लावायचं. सिमेंट म्हणजे प्लॅस्टिकचा कागद. वरून पाणी येऊ देत नाही, खरं; पण कुठल्याशा फटीतून आत शिरलेलं बाहेरही जाऊ देत नाही. आतला माणूस घामाने भिजून जातो. आणि घोंगडीला प्लॅस्टिकचं ठिगळ शिवलंत, तर शिवणीपाशी फाटते ती घोंगडीच! काळ्या पाषाणातून पाणी फारसं जात नाही, ते दर्जांतूनच वाट काढतं. ती वाट बुजवली की आतला भराव कुजतो. कोकणात तर जांभा स्वतःच झिजतो आणि सिमेंटच्या रेघा तेवढ्या उभ्या राहतात. म्हणून सांगतो, चुना झिजावा, दगड नव्हे.

पोर्टलँड सिमेंटचं पेटंट 1824 सालचं. शिवकाळातल्या बुरुजांना ते ठाऊक नव्हतं, तरी ते उभे आहेतच ना?

चुन्याला घाई चालत नाही, एवढंच. चुनखडी साधारण 900 अंशांवर भाजायची, कळीचा चुना पाण्यात विरवायचा, मुरू द्यायचा. भिंतीत गेल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश पुन्हा चुनखडी होतो. कंत्राटदाराला मात्र मार्चअखेर बिल हवं असतं!

स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण होतेय. चुन्यात मिसळायच्या गूळ, बेलफळ, हिरडा यांचं राहूनच गेलं. देवळाच्या जीर्णोद्धार समितीवर कुणी ऐकत असेल, तर निदान एवढं करा : चुना लावल्यावर ओलं गोणपाट धरा, भर उन्हात काम काढू नका, आणि ऑइलपेंट तर... असो.