गोष्टीला जागा मिळते, पण मागावी लागते
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



"तुम्हांला कथाकथनाला बोलावतात तरी कसे?" असे मला पुष्कळजणी विचारतात. खरे सांगू? पहिली काही वर्षे कोणी बोलावीत नसे. मीच विचारीत फिरत असे.

माझे माहेर साताऱ्याचे, सासर इथले सांगलीचे. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या तिघांनी कथाकथन गावोगाव नेले. त्यांतले माडगूळकर तर आपल्याच जिल्ह्यातल्या माडगुळ्याचे. तरीही गणपतीच्या मांडवात बाई गोष्ट सांगणार म्हटले, की कार्यकर्ते हसून म्हणत, "वहिनी, हळदीकुंकवाला सांगा की!" मग हळदीकुंकवालाच सांगू लागले. तिथल्याच बायकांनी आपापल्या गल्लीत माझे नाव काढले.

गणपतीचे कार्यक्रम श्रावणाआधीच ठरतात. भाद्रपदात विचारायला जाणारी रिकाम्या हाताने परतते. मी दोनदा परतले आहे. नवरात्र, कोजागिरी, वाचनालयांच्या व्याख्यानमाला, संक्रांतीचे औदुंबरचे साहित्य संमेलन, इथे आधी श्रोती म्हणून जावे, ओळखी होतात. यात्रेचा नाद मात्र सोडा. तिथे दिवस कुस्तीचा आणि रात्र तमाशाची!

दुसऱ्याची कथा सांगायची तर परवानगी पत्राने घ्यावी. शंकर पाटील १९९४ साली गेले, पण लेखकाच्या मागे साठ वर्षे हक्क वारसांकडे असतो.

एका मंडळाने मला रात्री नऊची वेळ दिली होती. बक्षिसे आणि सत्कार यांतच पावणेदहा झाले. दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी, म्हणून ऐन गोष्टीच्या मध्यावर माईक बंद केला. मी शरमून गेले. यजमान पिशवी उचलून म्हणाले, "चला आता." तेवढ्यात पुढे बसलेल्या एका आजी ओरडल्या, "अगं, त्या पोरीचं पुढं काय झालं?" मी तिथेच पायरीवर बसले. तीस-चाळीस बायका सतरंजी ओढून जवळ सरकल्या, आणि उरलेली गोष्ट नुसत्या आवाजावर सांगितली. मानधन म्हणून नारळ मिळाला. रिक्षाचे पैसे आमचेच!

त्यातल्याच एका बाईंनी पुढच्या नवरात्रात बोलावले. तेव्हापासून मी आठची वेळ मागते, आणि ती पत्रात लिहून घेते.