पाठीचे दुखणे आणि १०८ ची गाडी

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही वैद्य नाही, डॉक्टर तर मुळीच नाही. जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण झालो आणि उभी हयात प्राथमिक शाळेत खडू झिजविण्यात गेली. तेव्हा रोगचिकित्सेच्या विषयावर आम्ही बोलावे हे काहींना धाडसाचे वाटेल. परंतु आमच्या घरी घडलेली एक गोष्ट, आणि तिच्या निमित्ताने पुढे जाणत्या डॉक्टरांना विचारून जे काही समजले ते, आपणापुढे ठेवावे अशी कार्यकारी मंडळाची इच्छा झाली, म्हणून उभे आहोत.

आपल्या वाडीवस्तीत पाठदुखीला आजार म्हणण्याची पद्धत नाही. केळीचे घड वाहावेत, विहिरीवर पाणी शेंदावे, पहाटेच्या गाडीने विरारहून दादरच्या बाजारात फुलांच्या टोपल्या न्याव्यात, अशी ज्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची चाकोरी, त्यांची पाठ दुखणारच. उसण भरली, चमक निघाली, वाताचा जोर झाला, असे म्हणून निर्गुडीचा पाला शेकायचा आणि कामाला लागायचे. शंभरांतील नव्वदांहून अधिक वेळा तेवढ्याने भागतेही, हे डॉक्टरही मान्य करतात. उरलेल्या थोड्यांविषयी आज बोलावयाचे आहे.

सन २०२२ च्या पावसाळ्यातील गोष्ट. आमच्या वडील बंधूंचे कुटुंब, म्हणजे आमच्या वहिनी, आगाशीच्या बाजूला वाडीत राहतात. चार महिने त्यांची पाठ दुखत होती. सायंकाळी अंग किंचित तापे, अन्न जात नसे, लुगडे सैल होऊ लागले होते. आम्ही सर्वांनी वयाकडे बोट दाखविले. एका दवाखान्यात नेले तेव्हा डॉक्टरांनी विचारले, "काय होते?" वहिनींनी तोंड उघडण्यापूर्वीच आम्ही उत्तर दिले, "कंबर दुखते." कंबरेचा फोटो निघाला, त्यात काही दोष आढळला नाही, गोळ्या घेऊन परत आलो. वास्तविक वहिनी मूठ मागे नेऊन पाठीचा मध्य दाखवीत असत. दुखण्याचे मूळ त्या फोटोच्या चौकटीच्या वर होते.

यापुढचे सांगताना मान खाली जाते. चाळीस वर्षे मुलांना अंधश्रद्धेवर धडे देणाऱ्या आम्हीच सुचविले की, पायाळू मुलाकडून पाठीला पाय लावून घ्यावा. शेजारचा एक पोरगा पायाळू जन्मलेला. त्याने तीन सकाळी वहिनींच्या पाठीवर लाथ मारली. आतून किडलेल्या मणक्यावर लाथ मारणे म्हणजे काय, हे आज कळते. त्या पोराचा दोष नाही. तो बोलाविल्यावर आला.

त्यानंतर आठवड्याभरात वहिनींच्या पायातील चप्पल चालता चालता मागे राहू लागली. चप्पल निघाल्याचे त्यांना कळत नसे. नात ती उचलून आणी आणि आजी विसराळू झाली म्हणून हसे. आम्हीही हसलो. एका रविवारी रात्री त्या पाटावरून उठेनात. पाय लाकडासारखे झाले होते. तेव्हा पुतण्याने १०८ क्रमांक फिरविला.

या गाडीविषयी थोडे सांगितले पाहिजे. अशी संघटित सेवा हैदराबादेत १५ ऑगस्ट २००५ रोजी सुरू झाली. महाराष्ट्रात ती २०१४ साली आली. आरंभी ९३७ गाड्या होत्या. २३३ प्रगत उपकरणांच्या व ७०४ प्राथमिक साधनांच्या. फोन पुण्याच्या केंद्रात जातो, तेथून जवळच्या गाडीला निरोप मिळतो, आणि रुग्णाला पैसा द्यावा लागत नाही. परदेशात, तसेच आपल्या इतर कित्येक राज्यांत, गाडीबरोबर पॅरामेडिक असतात. म्हणजे डॉक्टर नव्हेत, परंतु अपघात व आकस्मिक आजार यांत रुग्णाला तपासून सांभाळून नेण्याचे रीतसर शिक्षण घेतलेले लोक. सन २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाचीही नोंद घेतली आहे. महाराष्ट्राच्या गाडीत मात्र चालकाबरोबर डॉक्टरच येतो. आमच्याकडे आला तो आयुर्वेदाची पदवी घेतलेला, पंचविशीतला तरुण होता. आमच्या शेवटच्या तुकडीतील विद्यार्थ्याएवढा दिसत होता, आणि खरे सांगावयाचे तर त्याला पाहून आमचा धीरच खचला.

गल्ली अरुंद, गाडी आत येईना. तो चिखल तुडवीत पेटी घेऊन आला. आम्हाला वाटले, आता उचलतील आणि नेतील. त्याने तसे केले नाही. नाडी, श्वास, ताप, रक्तदाब पाहिला. रक्तदाब दोन्ही हातांवर मोजला. हे असे का, म्हणून मागाहून विचारले. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी आतून चिरली, तर पाठीत फाटल्यासारखी कळ येते, पायांचे बळही जाऊ शकते, आणि दोन हातांच्या दाबात फरक पडू शकतो. तसे असेल तर घटकाही गमावता येत नाही. मग बोट टोचून साखर पाहिली, चेहरा वाकडा झाला आहे का ते पाहिले, हात दाबून जोर अजमावला. हात शाबूत होते, पायच गेले होते.

नंतर त्याने प्रश्न सुरू केले. दुखणे केव्हापासून? रात्री पडल्यावर वाढते का? ताप? वजन? पडल्या होत्या का? प्रत्येक प्रश्नाला उत्तर आम्ही देत होतो किंवा बंधू देत होते. "लघवीला होते का?" असे त्याने विचारले तेव्हा आम्ही दोघेही एकदम म्हणालो, "ते सर्व ठीक आहे." आम्हाला काय ठाऊक होते? काहीही नाही. परक्या पुरुषाने घरातील बाईविषयी असा प्रश्न विचारावा याचा संकोच वाटला, म्हणून विषय बंद केला इतकेच.

त्या मुलाने आमच्याकडे क्षणभर पाहिले आणि शांतपणे म्हणाला, "गुरुजी, आपण सर्वांनी जरा बाहेर थांबावे. सूनबाई राहू देत." जन्मभर आम्ही मुलांना वर्गाबाहेर काढले, त्या रात्री प्रथमच आम्हाला कोणी बाहेर काढले. पडवीत उभे असता सून बाहेर आली. सकाळपासून लघवी झालीच नव्हती. बैठकीच्या जागेला स्पर्श कळत नव्हता. दोन दिवस वहिनी ही गोष्ट मनात घेऊन बसल्या होत्या, कारण सांगायचे कोणाला?

बंधुभगिनींनो, पायांच्या अशक्तपणाइतकीच महत्त्वाची खूण ही आहे. मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू मणक्यांच्या नळीतून खाली उतरतो, आणि कंबरेच्या वरच्या भागात संपतो. तेथून पुढे मज्जातंतूंचा जुडगा असतो, त्याला घोड्याच्या शेपटीची उपमा देऊन डॉक्टर कॉडा इक्विना म्हणतात. सरकलेली चकती, गाठ किंवा पू यांचा दाब कोठेही पडला तरी पायांबरोबर लघवी-शौचाचा ताबा जाऊ शकतो. दाब लवकर काढला तर गेलेले पुष्कळ परत येते; उशीर झाला तर काही कायमचे जाते.

आम्हाला पुन्हा आत बोलाविले तेव्हा डॉक्टर कापसाच्या बोळ्याने पायांपासून वर स्पर्श करीत येत होता. नाभीपर्यंत वहिनींना कळेना, नाभीच्या वर कळले. त्याने तेथे पेनाने खूण केली. मग खिशातील किल्लीने तळव्यावर टाचेपासून बोटांकडे रेघ ओढली. सुदृढ माणसाचा अंगठा अशा वेळी खाली वळतो. वहिनींचा हळूहळू वर उचलला गेला. बाबिन्स्की नावाच्या वैद्याने पॅरिसमध्ये १८९६ साली ही खूण सांगितली. सव्वाशे वर्षांनी आगाशीच्या पडवीलगतच्या खोलीत, एका किल्लीने, दोष कंबरेत नसून पाठीच्या मध्यावर मज्जारज्जूत आहे, असे तिने दाखवून दिले. "कंबर दुखते" हे आमचे चार महिन्यांचे निदान तेथे संपले.

शेवटी त्याने वहिनींना एका श्वासात अंक मोजावयास सांगितले. त्या तिसाच्या पुढे गेल्या. श्वासाचे स्नायू शाबूत आहेत याची ती परीक्षा. हिचे महत्त्व पुढे कळले. सन २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गिया-बारे या विकाराचे पुष्कळ रुग्ण आढळले. कित्येकांना आधी जुलाब झाले होते, आणि काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला. त्या विकारातही पाठ व पाय दुखू शकतात, मुंग्या येतात, मग अशक्तपणा पायांपासून वर चढतो आणि छातीपर्यंत पोहोचला तर श्वास अडतो. तेव्हा मोजणी विसाच्या आत थांबली, तर वाट पाहण्यात अर्थ नसतो. आपल्या भागात पावसाळ्यात आणखी एक शंका घ्यावी लागते. जमिनीवर झोपलेल्यास मण्यार चावते, दंशाची खूण दिसतही नाही, आणि पहाटे पोट दुखून पापण्या जड होतात. त्या मुलाने वहिनींच्या पापण्याही पाहिल्या होत्या.

वहिनींना उठवून बसविले नाही, की काखेत हात घालून चालविले नाही. अंग न पिळता, सर्वांनी एकदम कुशीवर वळवून फळीवर घेतले आणि तशाच गल्लीच्या तोंडापर्यंत नेले. वाटेतून डॉक्टराने रुग्णालयाला फोनवर सर्व वृत्तांत सांगितला: पायांत बळ नाही, नाभीपर्यंत स्पर्श नाही, लघवी तुंबली आहे. आमच्या शाळेतील शेरेबुकात इतका नेमका शेरा आम्ही क्वचितच लिहिला असेल. जवळच्या सरकारी रुग्णालयात नळी घालताच सुमारे एक लिटर लघवी निघाली. तेथून त्यांना मुंबईस धाडले. महामार्गावर वरसावे पुलाच्या अलीकडे वाहनांच्या रांगेत तासाहून अधिक वेळ गेला. त्याविषयी आपणास वेगळे सांगणे नको.

एमआरआयमध्ये निघाला मणक्याचा क्षय. लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्याने १७७९ साली पाठीचे कुबड आणि पायांचा लुळेपणा यांचा संबंध लिहून ठेवला, म्हणून त्याला पॉटचा रोग म्हणतात. आपल्या देशात तो आजही होतो. खोकला नाही म्हणजे क्षय नाही, ही आमची समजूत चुकीची ठरली. शस्त्रक्रियेने पू काढून दाब हलका केला, आणि दीड वर्ष औषधे चालली. क्षयाची औषधे सरकारी केंद्रांतून विनामूल्य मिळतात.

सध्या वहिनी काठी घेऊन अंगणात चालतात. लघवीचा ताबा आला. डाव्या पायात थोडा जडपणा राहिला आहे, आणि टोपली उचलण्यास मनाई आहे. दोन आठवडे आधी आणले असते तर हाही जडपणा राहिला नसता काय, असे आम्ही मुंबईच्या डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, "कदाचित." त्या एका शब्दावर आमची कित्येक रात्रींची झोप गेली आहे.

हे भाषण करण्यापूर्वी आम्ही वहिनींची अनुमती घेतली. त्या म्हणाल्या, "भाऊजी, सगळे सांगा, पण ते लघवीचे मोठ्याने सांगू नका." वहिनी दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यांची आम्ही या सभेसमक्ष क्षमा मागतो.