दार लावून बसू नका
(वस्तीतल्या अभ्यासिकेच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी मॅट्रिक. गोदीत ठेकेदाराकडं माल चढवतो-उतरवतो, जागरण झालं तर कविता लिहितो. मला सायन्सवर बोलायला का उभं केलं ते आयोजकांना विचारा. पण एकट्यानं ओझं उचलल्यावर कंबरेचं काय होतं, ते मला तुमच्या प्रोफेसरापेक्षा जास्त कळतं.

आमच्या गल्लीतला पोरगा दहावीला ९१ टक्क्यांनी पास झाला. बॅनर लागला, शाल मिळाली, फोटो निघाले. बीएस्सीच्या पहिल्या वर्षी तोच पोरगा गणितात नापास झाला, तेव्हा शालवाले फिरकले नाहीत. आता तो बाईकवर लोकांची जेवणं पोचवतो. गल्ली म्हणते, त्याला झेपलं नाही. साला, हा 'झेपलं नाही' शब्द आपल्या तोंडात कुणी घातला? ज्यांनी आपल्या बापजाद्यांना अक्षर दिलं नाही, त्यांचाच तो शब्द.

अमेरिकेतलं सांगतो. कॅलिफोर्नियातलं ऑकलंड तुम्हांला ठाऊक असेल. १९६६ साली ब्लॅक पँथर तिथं जन्मली, आणि तिच्या नावावरून १९७२ साली मुंबईत आपली पँथर. ऑकलंडला लागूनच बर्कलीचं मोठं विद्यापीठ. १९७० च्या दशकात तिथं काळी पोरं कॅल्क्युलसमध्ये, म्हणजे कलनात, धडाधड पडत होती. प्राध्यापकांचं उत्तर तयार : घरात शिक्षणाचं वातावरण नाही, पाया कच्चा, जिद्द नाही. ओळखीचं वाटतंय ना?

युरी ट्राइसमन नावाचा तरुण गणितवाला तिथं शिकवत होता. त्यानं हे उत्तर मान्य केलं नाही. वीस काळे आणि वीस चिनी वंशाचे विद्यार्थी घेतले आणि ते अभ्यास कसा करतात ते त्यांच्यात जाऊन पाहिलं. काळी पोरं काही ढ नव्हती. आपापल्या शाळांत चमकलेली, आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन शिकवलेली. ती आठवड्याला आठेक तास इमानानं अभ्यास करायची, पण दार लावून, एकट्यानं. चिनी पोरं चौदाएक तास करायची. आधी एकेकटी, मग एकत्र बसून, एकमेकांच्या वहीतल्या चुका काढत. अडलेल्या काळ्या पोराला वाटायचं, मी एकटाच अडलोय. मदतीच्या वर्गाला तो जायचा नाही. ते वर्ग ढ पोरांचे, आणि तो ढ नव्हता!

मग ट्राइसमननं वर्कशॉप काढलं. त्यात दयामाया नव्हती. उलट, नेहमीच्या कोर्सपेक्षा अवघड गणितं, आणि ती टोळीनं बसून, बोलून, भांडून सोडवायची. त्यात बसलेली काळी पोरं न बसलेल्यांच्या कितीतरी पुढं गेली. मेंदू तोच, बसायची पद्धत बदलली.

आपल्याकडं त्या दाराला आणखी दोन कुलपं आहेत. पहिलं इंग्रजीचं. दहावीपर्यंत मराठीत संवेग, त्वरण, घनता शिकलेली पोर अकरावी सायन्सला जाते आणि एका रात्रीत त्याचं मोमेंटम, ॲक्सिलरेशन, डेन्सिटी होतं. तिला वाटतं आपल्याला फिजिक्स येत नाही. अगं, फिजिक्स येतं, शब्द येत नाहीत!

दुसरं पैशाचं. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खातं सांभाळत होते, तेव्हा १९४४ साली आपल्यासाठी मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली. ती आजही आहे. पण फीची तारीख तिच्यासाठी थांबत नाही. २०२४ साली मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या रोजंदारी मजुराच्या पोराला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली. १७,५०० रुपये वेळेत भरता आले नाहीत, जागा गेली. सुप्रीम कोर्टात गेला, तेव्हा ३० सप्टेंबरला परत मिळाली. दर पोरामागं सुप्रीम कोर्ट कुठून आणायचं? म्हणून अभ्यासिकेत फीचा डबा हवा. दान नाही, उसनं. शिष्यवृत्ती जमा झाली की परत.

आता आमच्या धंद्यातलं एक गणित. दोन टनांची पेटी, स्लिंगचे दोन पाय. पाय उभे असले तर एकेकावर एक टन. तेच फाकवून आडव्याशी तीस अंशांचा कोन केला की एकेकावर दोन-दोन टन. वजन तेवढंच, पण दोर तुटतो आणि खालचा माणूस मरतो. आमचा मुकादम शाळेत गेला नाही, पण कोन बघून ओरडतो, "अरे, पाय जवळ घ्या!" का, ते त्याला सांगता येत नाही. साईन तीस अर्धा असतो म्हणून, हे इथल्याच एका अकरावीच्या पोरीनं मला कागदावर करून दाखवलं. आदल्या महिन्यात ती त्रिकोणमितीला रडत होती. आमच्याकडं असली गणितं ढीगभर आहेत, या आणि घेऊन जा.

तर, रविवारपासून दुपारी दोन ते सहा. चौघांना एक टेबल. कॉलेजच्या पेपरापेक्षा अवघड गणित. भांडायचं मराठीत, उत्तर लिहायचं इंग्रजीत. घरकामासाठी कुणी पोरींना अडवलं तर त्यांच्या घरी जायचं काम माझं. आपले जे भाऊ बीएस्सी होऊन, नोकरीला लागून फ्लॅटमध्ये गेलेत, त्यांच्याकडं आठवड्याचे दोन तास मागा. जयंतीची वर्गणी मागता तसे, दारात उभं राहून. खडू मी आणतो. फळा कुणाकडं आहे?