मशेरी आणि ताण

वस्तीत ‘तंबाखू खाता का?’ विचारलं की बाया ‘नाही’ म्हणतात. ‘मशेरी किती वेळा लावता?’ विचारलं की खरं कळतं. पहाटे, दुपारी, आणि घरात भांडण झालं की पुन्हा. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. त्यातलं निकोटीन हिरड्यांतून रक्तात जातं, अ‍ॅड्रिनलिन वाढवतं, साठलेली चरबी रक्तात सोडतं. ताणानेही नेमकं हेच होतं! म्हणजे ताण हलका करायला लावलेली मशेरी शरीराला ताणाच्याच कामाला जुंपते.

पाळी सुरू असेपर्यंत इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक रक्तातलं चांगलं कोलेस्टेरॉल राखायला मदत करतं. विडी-सिगारेट ओढणाऱ्या बायांची पाळी साधारण १-२ वर्षं आधी जाते, चांगलं कोलेस्टेरॉलही घटतं. हे अभ्यास मुख्यतः ओढणाऱ्यांचे. मशेरीवालीकडे संशोधकांचं लक्ष त्या मानाने कमीच.

‘व्यसन सोड’ म्हणणारे तिला नवऱ्याची दारू, डोक्यावरचं कर्ज, अपुरी झोप याबद्दल विचारत नाहीत. आपण आधी ते विचारू. आणि ३५ वर्षांवरच्या, ओढणाऱ्या बाईला गर्भनिरोधक गोळ्यांनी हृदयविकार, पक्षाघाताचा धोका वाढतो, हे प्रत्येक गटात सांगू. केसपेपरवर मशेरीची नोंद करायला लावू.